ग्रंथ आमचा, किल्ली परक्याची

२००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी सुरतेत शिरले, ते आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याखाली शहराचा फार मोठा भाग गेला. पाणी ओसरल्यावर घराघरांतून जो गाळ उपसावा लागला, त्यात धान्य, कपडे आणि तसबिरींबरोबर पुस्तकेही होती. आपल्या जुन्या मराठी घरांतील पुस्तके ही बाजारात जाऊन पुन्हा आणता येतील अशी वस्तू नव्हती. आजोबांनी मुंबईहून फ्लाइंग राणीने परतताना आणलेले दिवाळी अंक, आजीच्या पारायणाची पोथी, बडोद्याच्या काकांनी मुंजीत दिलेली आणि पहिल्या पानावर जांभळ्या शाईत नाव-तारीख घातलेली कादंबरी, हे सारे लगदा होऊन रस्त्याच्या कडेला पडले.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक पोथीच्याच तोंडून एक विनवणी लिहून ठेवीत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय असे. यांपैकी पाण्याचे भय काय असते, ते आम्ही त्या वर्षी पाहिले. म्हणूनच पुढे ई-पुस्तके आली तेव्हा ज्यांनी त्यांचे मनापासून स्वागत केले त्यांत आम्हीही होतो. ज्या ग्रंथाला पूर नाही, वाळवी नाही, कसर नाही, तो कोणाला नको असेल? २०१६ च्या डिसेंबरात ॲमेझॉनने मराठी, गुजरातीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडलवर आणली. मराठी पुस्तके विकणारी इतर संकेतस्थळेही होतीच. सुरतेच्या बाजारात न मिळणारे पुस्तक घरबसल्या दोन मिनिटांत हाती येऊ लागले, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करून वाचता येऊ लागले. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत ते नव्या साधनांना नाके मुरडणाऱ्यांचे रडगाणे समजू नये. ही पैसे मोजून पुस्तके घेणाऱ्या ग्राहकाची तक्रार आहे.

तक्रारीचे निमित्त सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील वडीलधाऱ्या गृहस्थांनी आयुष्याच्या अखेरच्या सात-आठ वर्षांत पन्नासएक मराठी ई-पुस्तके विकत घेतली. प्रत्येकाचे पैसे मोजले, कित्येकांत खुणा केल्या, टिपणे लिहिली. ते गेले. त्यांचा मोबाइल क्रमांक मुलाने रीतसर बंद केला. काही महिन्यांनी टॅब्लेट बिघडला आणि नव्या यंत्रावर पुस्तके उघडू गेले, तर ॲपने त्या बंद क्रमांकावर पाठवलेला ओटीपी मागितला. दुकानाला पत्र लिहिले. उत्तर सभ्य भाषेत आले. पुस्तके वाचण्याचा परवाना खातेदारास व्यक्तिशः दिलेला होता, तो हस्तांतरित करता येत नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच गृहस्थांचे कागदी पुस्तकांचे कपाट मुलांनी आणि सुनांनी एका संध्याकाळी आपसांत वाटून घेतले होते. कोणाला कोणते आवडते यावरून थोडी गोड भांडणेही झाली. पन्नास पुस्तकांच्या दुसऱ्या कपाटाला मात्र वारसच नव्हता.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ई-पुस्तक विकत घेतल्यावर आपल्या यंत्रात जी फाइल उतरते ती बहुधा सांकेतिक लिपीत बंद केलेली असते. ती उलगडणारी किल्ली दुकानाच्या ताब्यात असते. आपल्या यंत्रावरील त्या दुकानाचे ॲप खाते तपासते, परवानगी आहे असे दिसले तर पान उघडते, आणि नसेल तर उघडत नाही. या व्यवस्थेला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट किंवा डीआरएम असे भारदस्त नाव आहे. आम्ही तिला साध्या मराठीत कुलूप म्हणतो. या कुलपामुळे एका दुकानातून घेतलेले पुस्तक दुसऱ्याच्या ॲपमध्ये उघडत नाही. ते शेजाऱ्याला वाचायला देता येत नाही, ग्रंथालयाला भेट देता येत नाही, आणि लेकीच्या रुखवतात तर मुळीच ठेवता येत नाही. ज्याने ते विकत घेतले त्याच्याकडे ते आहे, पण त्याचे ते नाही.

कागदी पुस्तकाबाबत आपल्या कायद्याची भूमिका स्वच्छ आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या चौदाव्या कलमानुसार एकदा विकली गेलेली प्रत ही प्रसारात आलेली प्रत मानली जाते, आणि अशा प्रतीच्या पुढील प्रवासावर लेखक-प्रकाशकाचा हक्क उरत नाही. तिची नक्कल छापण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण ती प्रत उसनी देण्याचा, विकण्याचा, दान करण्याचा आहे. रद्दीच्या दुकानांपासून गावोगावच्या वाचनालयांपर्यंत आपली सारी ग्रंथसंस्कृती याच मोकळिकीवर उभी आहे. ई-पुस्तकाच्या व्यापाऱ्याने या मोकळिकीला बगल दिली ती एका शब्दाच्या आधारे. दुकानाच्या पाटीवर तो ‘विकत घ्या’ असे लिहितो, आणि बारीक अक्षरांतल्या करारात मात्र तो ‘परवाना’ देतो. घर विकल्याची जाहिरात करून हाती भाडेचिठ्ठी ठेवणाऱ्याला आपण काय म्हणू? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली यासाठी कायदाच केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. केवळ परवाना देत असाल तर तसे ग्राहकाला ठळकपणे सांगा, त्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका, असे तो बजावतो. आमच्या मते तो शब्द परत मिळवणे ही या लढ्याची पहिली पायरी आहे.

कुलूप लावणारा कधी उघडेनासा होईल हे सांगता येत नाही, ही शंका काल्पनिक नाही. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलमधून दूरवरून पुसून टाकल्या. त्या प्रती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, ही गोष्ट खरी. पैसे परत केले आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमाही मागितली. पण चोरीचा माल चुकून विकला म्हणून कोणता पुस्तकविक्रेता रात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलतो? २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्या जुलैत लोकांनी विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. किंमत परत मिळाली, ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर मिळाले. वाचकाने समासात लिहिलेल्या विचारांचा भाव अशा रीतीने एकदाचा ठरला! आपल्याकडेही फ्लिपकार्टने २०१२ साली सुरू केलेली ई-पुस्तकांची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबवली आणि ग्राहकांना कोबो या परदेशी कंपनीकडे जाण्याची वाट दाखवली. ज्या कंपन्या बलाढ्य आहेत त्यांची ही कथा. मग मराठी पुस्तकांचा लहानसा व्यवसाय करणारे एखादे दुकान उद्या बंद पडले, तर त्याच्या किल्ल्या कोण सांभाळणार?

आणखी एक उपाय वाचकाच्या हाती होता, तोही गेला. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून वायरीने किंडलमध्ये घालण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेतली. त्या फायलीलाही कुलूप होतेच, तरी निदान पुस्तकाची एक प्रत आपल्या घरी आहे एवढे समाधान होते.

येथे प्रकाशकांचा आक्षेप येईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघते आणि ती संपायला वर्षे लागतात. अशा वेळी कोणी पुस्तकाची पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर सोडली, तर लेखकाच्या मानधनावर आणि प्रकाशकाच्या भांडवलावर घाव पडतो. २०२० च्या टाळेबंदीत अशा फुकट्या प्रतींचा सुळसुळाट झाला होता, हे आम्ही आमच्याच फोनवर पाहिले आहे. ‘वाचनसेवा’ अशा गोंडस नावाखाली त्या पुढे ढकलणाऱ्यांत आपल्यापैकी काही सुशिक्षित मंडळीही होती, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटते. चोरी ती चोरीच. लेखकाला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही.

पण ही कुलपे त्या चोरीला अडवतात का? आमच्याकडे आलेल्या अशा प्रती पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक छापील पुस्तकाची पाने एकेक करून स्कॅन केलेल्या होत्या. कोठे अंगठा दिसतो, कोठे वाचनालयाचा शिक्का. ई-पुस्तकाला कितीही भक्कम कुलूप लावले, तरी या चोराच्या वाटेत ते येतच नाही. आणि जो ई-पुस्तकाचेच कुलूप फोडू इच्छितो तो ते एकदा फोडतो, नंतर त्याच्या हजार प्रती कुलपाविनाच फिरतात. कुलपाशी रोज झगडावे लागते ते फक्त पैसे देणाऱ्याला. परिणाम असा की चोराची प्रत कोणत्याही फोनवर उघडते, कोणालाही देता येते, दुकान बुडाले तरी टिकते, आणि प्रामाणिक माणसाने पैसे देऊन घेतलेली प्रत यांपैकी काहीच करू शकत नाही. ज्या व्यापारात चोरीचा माल खरेदीच्या मालापेक्षा सरस ठरतो, त्या व्यापाराने गिऱ्हाइकाच्या नीतीबद्दल तक्रार करावी हे नवल आहे.

आपल्या कायद्यानेही येथे तारतम्य दाखवले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५अ हे कलम प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने अशी तांत्रिक संरक्षणे मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. पण ज्या गोष्टीस अधिनियमाने स्पष्ट मनाई केलेली नाही, तिच्यासाठी केलेली कृती त्यात येत नाही, असेही तेच कलम म्हणते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा हे कितीतरी समंजस आहे. त्या कायद्याखाली २००१ साली दिमित्री स्क्ल्यारोव या रशियन तंत्रज्ञाला ई-पुस्तकाचे कुलूप उघडणारी प्रणाली केल्याबद्दल अटक झाली होती, आणि पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीला ज्यूरीने निर्दोष ठरवले. आम्ही कोणाला कुलूप मोडायला सांगत नाही. सत्तरीतील वाचकाने संगणकतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा करणे हीच मुळात थट्टा आहे. आमचे म्हणणे एवढेच की कायदा जी मोकळीक देतो, ती कुलूप देत नाही. संसदेने आखलेल्या मर्यादेच्या आत एका खाजगी करारनाम्याने दुसरी भिंत घातली आहे.

या भिंतीला काळाचीही मर्यादा नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचे लेखन कोणीही छापू शकतो. पण कुलूपबंद ई-पुस्तकाला ही तारीख कळत नाही. प्रताधिकार संपला तरी कुलूप तसेच राहते. हाच अनुभव दृष्टिहीनांचा. २००९ साली किंडलने पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आणली, तेव्हा अमेरिकेतील लेखकसंघाने आक्षेप घेतला आणि ती सोय बंद ठेवण्याची मुभा प्रकाशकांना मिळाली. दृष्टिहीनांसाठी ग्रंथ सुलभ करण्याचा जो माराकेश करार २०१३ साली झाला, त्याला २०१४ साली मान्यता देणारा पहिला देश भारत होता. आपल्याच देशाच्या या औदार्याला आपल्याच पुस्तकाच्या कुलपाने अडवावे काय?

कुलपाविना व्यापार होतच नाही, असेही नाही. गाण्यांच्या धंद्याने हा मार्ग आधीच चोखाळला. ॲपलने २००९ साली आपल्या दुकानातील गाण्यांची कुलपे काढून टाकली, आणि त्यामुळे संगीत विकणे काही थांबले नाही. टॉर ही विज्ञानकथांची मोठी प्रकाशनसंस्था २०१२ पासून आपली ई-पुस्तके कुलपाविना विकू लागली, आणि वर्षभराच्या अनुभवानंतर चोरी लक्षणीय वाढल्याचे दिसत नाही असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. त्याच वर्षी हॅरी पॉटरची ई-पुस्तके कुलपाऐवजी खरेदीदाराची ओळख सांगणारी खूण फायलीत घालून विकली गेली. ही खूण आम्हाला फार पटते. आपले आजोबा पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव घालीत त्याचेच हे नवे रूप. स्वतःचे नाव असलेले पुस्तक माणूस भावाला देईल, मैत्रिणीला देईल, पण चव्हाट्यावर टाकणार नाही.

आता हा प्रश्न आपल्यासाठी, सुरतेतील मराठी घरांसाठी, अधिक जिव्हाळ्याचा का, ते सांगतो. पुण्यातल्या वाचकाचे पुस्तक हरवले तर तो अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरे आणील. भाषेच्या मुलखाबाहेर राहणाऱ्यांकडे ग्रंथ येतो तो हातोहात. आपल्या शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून मोफत ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिच्या पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची २००९ साली सुरू झालेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना त्याच वाटेने जाणारी. मराठी पुस्तकांची पेटी एका घरसमूहातून दुसऱ्याकडे जाते आणि ती परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचली आहे. ग्रंथ असा फिरतो तेव्हा त्याच्याभोवती माणसे जमतात. पुस्तक परत करायला आलेली शेजारीण दोन घटका बसते, त्यावर बोलते, आणि आपल्या नातवाच्या कानावर चार चांगली मराठी वाक्ये पडतात. कुलूपबंद ई-पुस्तकांची पेटी कशी भरणार? ती कोणाच्या दारी जाणार?

आमची तिसरी-चौथी पिढी घरी मराठी बोलते, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकते. महापालिकेच्या मराठी शाळा सुरतेत आहेत, पण आपल्या घरांतील किती मुले तेथे जातात हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. या मुलांच्या हाती मराठी पुस्तक पडते ते विकत घेतल्यामुळे क्वचित, घरात पडलेले असल्यामुळे अधिक. सुट्टीच्या दुपारी कंटाळलेले मूल कपाट उघडते, आणि आजीने वाचलेले काहीतरी त्याच्या हाती लागते. हा योगायोग कुलपाच्या आड घडत नाही. आजीच्या खात्यातील पुस्तके आजीबरोबर जातात. ज्या घरात पुढची पिढी मराठी पुस्तक मागून घेईल याचीच खात्री नाही, तेथे न मागता समोर येणाऱ्या पुस्तकाचे मोल किती!

मराठीने असा एक फटका पूर्वी खाल्लाही आहे. युनिकोड येण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलेले मराठी मजकूर आज उघडले तर अनेकदा अक्षरांची खिचडी दिसते. अनेक संस्थांप्रमाणे आमच्याही जुन्या फायलींची ही गत झाली, आणि तो मजकूर वाचला तो कागदावर छापलेला होता म्हणून. तो अपघात होता. आज मात्र आपण जाणूनबुजून मजकूर अशा ठिकाणी ठेवतो आहोत, जेथे तो वाचता येणे न येणे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे.

म्हणून पुण्या-मुंबईच्या मराठी प्रकाशकांकडे आमच्या काही साध्या मागण्या आहेत. पुस्तक विकत असाल तर विका, भाड्याने देत असाल तर तसे स्पष्ट लिहा आणि भाड्याचीच किंमत घ्या. कुलपाऐवजी खरेदीदाराच्या नावाची खूण घाला. दुकान बंद करावे लागले तर आधी प्रत्येक ग्राहकाला कुलपाविना प्रत द्या, आणि हे वचन विक्रीच्या वेळीच लेखी द्या. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याची पुस्तके वारसांना मिळण्याची वाट ठेवा. सार्वजनिक वाचनालयाला ई-पुस्तक घेऊन एका वेळी एका वाचकाला देता येईल अशी तजवीज करा. यांत फुकट काहीही मागितलेले नाही.

आणि आपल्या वाचकांना एक विनंती. फिरत आलेली चोरीची पीडीएफ पुढे पाठवू नका. त्या प्रती कुलपाच्या समर्थकांचा सर्वांत मोठा आधार आहेत. ई-पुस्तक घेण्यापूर्वी ते दुसऱ्या यंत्रावर उघडते का, दुसऱ्याला देता येते का, हे दुकानाला विचारा, आणि नकार आला तर त्याच प्रकाशकाला चार ओळींचे पत्र लिहा. तीन पिढ्या आपल्या घरांनी त्यांची पुस्तके घेतली आहेत, ते आपले पत्र वाचतील. जे पुस्तक नातवंडांच्या हाती पडावे असे मनापासून वाटते ते तोवर कागदावर घ्या, आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवा. तापीचे काही सांगता येत नाही.